थंडरबर्डमधले स्पॅमचे नियम चालत नाहीत? आधी शोधा, पत्र हलवलं कुणी

प्रश्न थोडक्यात असा. एक छोटं करसल्लागार कार्यालय आहे. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये दोन खाती आहेत. पहिलं स्वतःच्या डोमेनचं, होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर, आयमॅपने जोडलेलं, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्या उपकरणांवर सारखी दिसतात. दुसरं जीमेलचं, जुन्या सवयीने पीओपीवर, म्हणजे पत्रं संगणकावर उतरवून घेणाऱ्या पद्धतीवर. स्पॅम अडवायला वर्षानुवर्षं नियम वाढत गेले आणि यादी आता साठाच्या घरात आहे. तरीही क्लायंटची पत्रं जंकमध्ये जातात आणि कर्जाच्या, लॉटरीच्या जाहिराती इनबॉक्समध्ये राहतात. क्लायंटच्या पत्त्यांचा नियम यादीत सगळ्यात वर नेला तरी फरक पडला नाही. नियम कुठे चुकतोय?

तुमच्या वर्णनावरून तो वरचा नियम बहुधा चुकलेला नाही. तो चालायच्या आधीच पत्र हललेलं असतं. छोट्या कार्यालयांत मला ही तक्रार फार भेटते आणि तिचं उत्तर सहसा मेसेज फिल्टर्सच्या खिडकीबाहेर सापडतं. म्हणून नवा नियम लिहिण्याआधी एकच गोष्ट नक्की करा: ते पत्र जंकमध्ये टाकलं कुणी?

संशयित चार आहेत. होस्टिंगवाल्याचा सर्व्हर, थंडरबर्डची स्वतः शिकणारी जंक गाळणी, तुम्ही लिहिलेले नियम, आणि त्याच खात्याला जोडलेलं दुसरं उपकरण, म्हणजे फोन किंवा शेजारच्या टेबलावरचा संगणक. चौघांच्या कामाचा परिणाम सारखाच दिसतो, पत्र जंकमध्ये. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

वेगळं करायची सोपी रीत अशी. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि फोनवरच्या मेल ॲपमधूनही ते खातं थोडा वेळ काढा. ज्यांची पत्रं हरवतात अशा एका क्लायंटला नेहमीसारखं पत्र पाठवायला सांगा, नेहमीच्या जोडपत्रासकट. मग ब्राउझरमधून होस्टिंगचं वेबमेल उघडा. पत्र तिथेच जंकमध्ये असेल तर सर्व्हरने टाकलं, थंडरबर्डचा काही संबंध नाही. इनबॉक्समध्ये असेल तर एका संगणकावर थंडरबर्ड चालू करा आणि ते तिथून हलतं का पाहा.

आता त्या पत्राचा मूळ मजकूर उघडा. पत्र निवडून कंट्रोल आणि यू दाबलं की वरपासून खालपर्यंत सगळे हेडर, म्हणजे पत्राच्या प्रवासाच्या आणि तपासणीच्या तांत्रिक ओळी, दिसतात. त्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ किंवा ‘एक्स-स्पॅम-फ्लॅग’ अशी ओळ आहे का, ते शोधा. या ओळी बहुतेक वेळा स्पॅमअसॅसिन लिहितं. अनेक होस्टिंग सर्व्हरांवर चालणारा हा मोफत प्रोग्रॅम प्रत्येक पत्राला निरनिराळ्या चाचण्यांचे गुण देतो आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेली की पत्रावर स्पॅमचा शिक्का मारतो. मूळ मर्यादा 5 गुणांची आहे, होस्टिंगवाला ती बदलू शकतो. शिक्का मारून झाल्यावर काही सर्व्हर पत्र स्वतःच जंकमध्ये टाकतात, तर काही ते शिक्क्यासकट इनबॉक्समध्येच ठेवतात.

तुमची अडचण या दुसऱ्या प्रकारात असावी असा माझा अंदाज आहे. थंडरबर्डच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘जंक सेटिंग्ज’ नावाचं पान आहे. बाहेरच्या गाळणीने लिहिलेले जंक हेडर ग्राह्य धरायचे का, असा पर्याय तिथे आहे आणि त्याच्या यादीत स्पॅमअसॅसिनचं नाव आहे. तिथे खूण असेल तर थंडरबर्ड सर्व्हरचा शिक्का पाहून पत्र थेट जंक ठरवतं. ही तपासणी तुमच्या नियमांच्या रांगेत शेवटी नसते, त्यांच्याही आधी होते. त्यामुळे क्लायंटचा नियम यादीत कितीही वर नेला तरी तो उशिराच ठरतो. ॲड्रेस बुकातल्या लोकांना सूट देण्याची सोयही इथे कामी येत नाही, कारण ती सूट थंडरबर्डच्या स्वतःच्या गाळणीपुरती आहे.

खूण काढली की थंडरबर्डपुरता प्रश्न सुटेल, पण मला तेवढ्यावर थांबणं बरं वाटत नाही. सर्व्हर तुमच्या क्लायंटला गुण का देतोय, हे त्याच हेडरमध्ये लिहिलेलं असतं. एकूण गुण, मर्यादा आणि लागलेल्या चाचण्यांची नावं एकापुढे एक असतात. विषय पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिला, पत्रात मजकूर नाही आणि फक्त चित्र आहे, पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव सापडत नाही, एसपीएफ (त्या डोमेनची पत्रं कोणत्या सर्व्हरने पाठवायची याची जाहीर नोंद) जुळत नाही, अशी ती कारणं असतात. मोबाइलवरून कागदाचा फोटो काढून रिकाम्या पत्राला जोडणारे क्लायंट यांतल्या एकदोन चाचण्यांत सहज अडकतात. त्यांना विषय आणि दोन ओळी मजकूर लिहायला सांगणं हा खरा उपाय आहे आणि तो कुठल्याही नियमाहून टिकाऊ आहे.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी आणखी एक जागा तपासावी. स्पॅमअसॅसिनमध्ये पत्राची भाषा ओळखणारी जोडणी आहे आणि ‘या भाषा चालतील’ अशी यादी प्रशासक देऊ शकतो. मुळात सगळ्या भाषा चालतात. पण कुणी त्या यादीत फक्त इंग्रजी ठेवली, तर मराठी पत्राला केवळ मराठी असल्याबद्दल गुण लागतात. हेडरमध्ये नको असलेल्या भाषेची चाचणी दिसली तर होस्टिंगच्या मदत विभागाला तेवढी ओळ कॉपी करून पाठवा आणि मराठी, हिंदी यादीत घालायला सांगा. दोन्ही भाषांचे कोड स्पॅमअसॅसिनमध्ये आहेत. ‘आमची पत्रं जंकमध्ये जातात’ अशा मोघम तक्रारीला मोघमच उत्तर येतं. हेडरची ओळ दिली की त्या माणसाला नेमकं काय बदलायचं ते कळतं.

हेडरमध्ये शिक्का नाही, वेबमेलच्या इनबॉक्समध्ये पत्र होतं आणि थंडरबर्ड उघडल्यावर हललं, असं दिसलं तरच आपल्या नियमांकडे वळायचं. तिथेही यादी डोळ्यांनी वाचत बसू नका, नोंदवही चालू करा. ‘टूल्स’ मेनूतल्या ‘मेसेज फिल्टर्स’च्या खिडकीत ‘फिल्टर लॉग’ असं बटण आहे. त्यातली नोंद मुळात बंद असते. ती चालू केली की कुठल्या नियमाने, कुणाचं, कोणत्या विषयाचं पत्र, कधी, कुठे हलवलं, याची ओळ लिहिली जाते. जंक गाळणीची नोंदवही वेगळी आहे, ती मुख्य सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या पानावर जंकच्या भागात सापडते. दोन्ही चालू ठेवा. संशयाचं निरसन या दोन नोंदवह्या जितक्या लवकर करतात तितकं दुसरं काही करत नाही.

नियमांच्या चुकांत सगळ्यात घातक चूक ‘सर्व अटी’ आणि ‘कोणतीही एक अट’ या निवडीची असते, आणि नकारार्थी अटींबरोबर ती हटकून होते. समजा तुम्ही लिहिलं: पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘अ’ डोमेन नसेल, किंवा ‘ब’ डोमेन नसेल, तर जंक. आणि निवड ‘कोणतीही एक अट’ अशी ठेवली. आता ‘अ’कडून आलेल्या पत्रात ‘ब’ नसतंच, म्हणजे एक अट पुरी झाली. ‘ब’कडून आलेल्यात ‘अ’ नसतं. जगातलं प्रत्येक पत्र या नियमात बसतं आणि सगळी टपाल जंकमध्ये जाते. नकारार्थी अटी एकापेक्षा जास्त असतील तर निवड ‘सर्व अटी’ अशीच हवी.

दुसरी चूक आखूड शब्दांची. ‘समाविष्ट आहे’ ही अट अक्षरांचा तुकडा शोधते, तिला शब्दाची हद्द कळत नाही. इंग्रजी ‘स्पेशालिस्ट’च्या स्पेलिंगमध्ये ‘सियालिस’ या औषधाचं नाव सलग बसलेलं आहे. त्या औषधाच्या जाहिराती अडवायला लिहिलेला नियम डॉक्टरांची पत्रं अडवतो, हे उदाहरण आमच्या कामात जुनं आहे. ‘सिंटॅक्स’च्या स्पेलिंगमध्ये ‘टॅक्स’ आहे, ‘कॉर्पोरेट’च्या स्पेलिंगमध्ये ‘रेट’ आहे. करसल्लागाराच्या कार्यालयात तर ‘लोन’, ‘टॅक्स’, ‘रिफंड’ हे रोजच्या कामाचेच शब्द. हे शब्द स्पॅमची खूण म्हणून वापरता येणारच नाहीत. तुमच्या साठ नियमांत असे शब्द असतील तर क्लायंटची काही पत्रं तिथेच अडकत असणार.

देवनागरी शब्दांचे नियम मात्र उलट्या बाजूने फसतात. शब्द समोर दिसतो, तरी नियम लागत नाही. याचं कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या सांकेतिक पद्धतीत आहे. ‘नोकऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि पाठोपाठ न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. ‘ऑफर’चंही तसंच. कुणी ‘ऑ’ हे एकच अक्षर वापरतं, कुणाच्या जुन्या फॉन्टवरून बदललेल्या मजकुरात ‘आ’वर वेगळा चंद्र चढवलेला असतो. ‘बक्षीस’ आणि ‘बक्षिस’ ही तर साधी ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट. ‘घरबसल्या नोकऱ्या’वाल्या जाहिराती अडवायच्याच असतील तर शब्द कीबोर्डवरून टाइप करू नका, आलेल्या जाहिरातीतूनच उचलून नियमात चिकटवा. तरी दुसरी जाहिरात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली येईलच.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की स्पॅम पकडण्याचं काम हाताने लिहिलेल्या नियमांना देऊच नये. स्पॅम पाठवणारा रोज पत्ता, विषय, शब्द बदलतो आणि तुमचा नियम कालच्या पत्राला बांधलेला असतो. तुमचे क्लायंट मात्र आपला पत्ता क्वचित बदलतात. नियम त्यांच्यासाठी लिहा. ओळखीचं पत्र ओळखायला नियम आणि अनोळखी कचरा ओळखायला शिकणारी गाळणी, ही वाटणी वर्षानुवर्षं टिकते.

क्लायंटचा नियम असा ठेवा. वेळ: नवी टपाल येताना, जंक तपासणीच्या आधी. अट: पाठवणारा अमुक ॲड्रेस बुकात आहे. क्लायंटसाठी वेगळं ॲड्रेस बुक करा, म्हणजे नवा क्लायंट आला की नियमाला हात लावावा लागणार नाही. क्रिया: जंक स्थिती ‘जंक नाही’ अशी करा, आणि त्याखाली ‘पुढचे नियम थांबवा’. असा शिक्का आधीच बसलेला असला की शिकणारी गाळणी ते पत्र पुन्हा तपासत नाही.

डोमेन पाहून सूट देताना सावध राहा. थंडरबर्डची ‘पाठवणारा’ ही अट पत्त्याबरोबर दिसणाऱ्या नावालाही लागते. प्राप्तिकर खात्याच्या नावाने येणारी फसवी पत्रं नेमकं हेच करतात, नावाच्या जागी सरकारी वाटणारा मजकूर आणि खरा पत्ता भलताच. ‘पाठवणाऱ्यात इन्कमटॅक्स समाविष्ट असेल तर जंक नाही’ असा नियम लिहिला तर फसवणाऱ्याला तुम्ही आपल्या हाताने आत घेता. कुठल्याही सरकारी खात्याला किंवा बँकेला सूट द्यायची तर हेडरमधली ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ आधी पाहा. तुमचा सर्व्हर ती लिहीत असेल तर पाठवणारा खरा आहे का ते पाहणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही तपासण्यांचा निकाल त्यात असतो. फिल्टरच्या अटींत ‘कस्टमाइझ’ निवडून हा हेडर जोडता येतो आणि ‘डीमार्क पास’ ही दुसरी अट त्या नियमाला लावता येते. हेडरमध्ये तो शब्द रोमन लिपीत जसा लिहिलेला असेल तसाच्या तसा घ्या.

आता जाहिराती इनबॉक्समध्ये का राहतात ते. थंडरबर्डची जंक गाळणी बेझच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालते. प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी 2002 मध्ये ही रीत एका लेखात मांडली आणि त्यानंतर ती मेल प्रोग्रॅमांत सर्रास आली. कोणते शब्द तुमच्या जंकमध्ये जास्त येतात आणि कोणते चांगल्या पत्रांत, याची ती मोजदाद ठेवते. म्हणजे तिला दोन्ही प्रकारची उदाहरणं लागतात. बहुतेक लोक फक्त जंकची खूण करतात. इनबॉक्समध्ये नुसतं पडून असलेलं चांगलं पत्र गाळणीच्या हिशेबात धरलं जात नाही, त्यावर ‘जंक नाही’ अशी खूण तुम्हीच करावी लागते. जंकसाठी जे, आणि जंक नाही यासाठी शिफ्ट-जे, असे कीबोर्डवरचे दोन मार्ग आहेत. चांगल्या पत्रांचा एखादा जुना फोल्डर उघडा, त्यातली वेगवेगळ्या क्लायंटची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पत्रं निवडा आणि एकदम शिफ्ट-जे करा.

मराठी पत्रं मुद्दाम म्हणतोय. तुम्हाला येणारी मराठी टपाल म्हणजे मुख्यतः प्लॉटविक्रीच्या जाहिराती असतील आणि त्यांनाच तुम्ही जंक ठरवत आला असाल, तर गाळणीच्या लेखी ‘नमस्कार’, ‘आपला’, ‘कृपया’ हे शब्दही जंकच्या बाजूचे झालेले असतात. मग एखादा शेतकरी क्लायंट मराठीत दोन ओळी लिहितो आणि ते पत्र थेट जंकमध्ये जातं. यात गाळणीचा दोष नाही, तिला चांगली मराठी पत्रं कुणी दाखवलीच नाहीत. शिकवण फारच बिघडली आहे असं वाटलं तर सेटिंग्जमध्ये ती पुसून नव्याने सुरू करण्याची सोय आहे. ही शिकवण प्रोफाइल फोल्डरमधल्या ‘ट्रेनिंग डॉट डॅट’ या एकाच फाइलमध्ये असते आणि सगळ्या खात्यांना मिळून एकच असते. म्हणजे जीमेलवर केलेल्या चुकीच्या खुणा कार्यालयाच्या खात्यालाही भोवतात. पुसण्याआधी फाइलची प्रत बाजूला ठेवा.

जाहिराती आत राहण्याचं आणखी एक कारण जंक सेटिंग्जच्या त्याच पानावर आहे. ‘या ॲड्रेस बुकातल्या लोकांची पत्रं जंक ठरवू नका’ या यादीत ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’समोर खूण आहे का पाहा. तुम्ही ज्याला पत्र पाठवता त्याचा पत्ता मुळात तिथे आपोआप जमा होतो. जाहिरातवाल्याला वैतागून ‘माझं नाव काढा’ असं उत्तर दिलं की त्याचा पत्ता तुमच्या विश्वासातल्या यादीत बसतो आणि पुढच्या सगळ्या जाहिरातींना गाळणी वाट देते. खूण काढा आणि ते बुक एकदा नीट चाळा.

जीमेलच्या खात्याची गोष्ट वेगळी आहे. पीओपी जीमेलचा स्पॅम फोल्डर उतरवत नाही. जीमेलने जे स्पॅममध्ये टाकलं ते तुमच्या संगणकापर्यंत कधी येतच नाही आणि 30 दिवसांनी तिथूनच पुसलं जातं. ‘पत्र पाठवलंय’ असं क्लायंट शपथेवर सांगतो आणि तुमच्याकडे ते कुठेच नसतं, याचं कारण बहुधा हे. ते खातं आयमॅपवर घ्या, म्हणजे जीमेलचा स्पॅम फोल्डर थंडरबर्डमध्येच दिसेल. बदलताना पीओपीने उतरवलेली जुनी पत्रं स्थानिक फोल्डरमध्ये हलवून मगच जुनं खातं काढा. जीमेलमध्ये ‘कधीही स्पॅममध्ये टाकू नका’ हा पर्याय वेबवरच्या फिल्टरमध्ये आहे, थंडरबर्डच्या नियमाने ते काम होणार नाही.

राहिला फोन. थंडरबर्डचे नियम थंडरबर्ड चालू असतानाच चालतात. शिवाय आयमॅपवर नवी टपाल येताना ते न वाचलेल्या पत्रांनाच लागतात. सकाळी प्रवासात फोनवर पत्रं उघडली की कार्यालयात पोचेपर्यंत ती ‘वाचलेली’ झालेली असतात आणि नियम त्यांना शिवत नाहीत. नियम कधी चालतो, कधी नाही, अशा तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. अशा वेळी इनबॉक्स निवडून ‘टूल्स’मधून नियम हाताने चालवा, किंवा नियमाच्या वेळेत ‘ठरावीक अंतराने’ हाही पर्याय जोडा. दोन संगणक एकाच खात्याला जोडलेले असतील तर नियम आणि शिकवण दोन्हीकडे स्वतंत्र असतात. एकाने इनबॉक्समध्ये आणलेलं पत्र दुसरा परत जंकमध्ये नेऊ शकतो. जंक गाळणी एकाच संगणकावर चालू ठेवा, बाकीच्यांवर बंद करा.

शेवटी त्या साठ नियमांचं काय करायचं. घाईने पुसू नका. प्रत्येक खात्याच्या फोल्डरमध्ये ‘एमएसजीफिल्टररूल्स डॉट डॅट’ नावाची फाइल असते, थंडरबर्ड बंद करून तिची प्रत घ्या. मग क्लायंटचा नियम सगळ्यात वर ठेवा. रोजच्या कामाचे शब्द वापरणारे आणि अनेक नकारार्थी अटी असलेले नियम लगेच निष्क्रिय करा, त्यासाठी नावासमोरची खूण काढली की पुरतं. मजकुरातला शब्द शोधणारे नियम आयमॅपवर ठेवायचे असतील तर त्यांची वेळ जंक तपासणीनंतरची करा, कारण आधीच्या टप्प्यावर पत्राचा मजकूर उतरलेला असेलच असं नाही. उरलेले नियम फिल्टर लॉगसकट महिनाभर चालू द्या. विवरणपत्रांच्या मुदतीचे दिवस त्या महिन्यात येतील असं पाहा, कारण खरी टपाल तेव्हाच येते. लॉगमध्ये ज्या नियमाचं नाव एकदाही आलं नाही तो काढून टाका, आणि ज्याने क्लायंटचं एक जरी पत्र हलवलं तोही काढा, मग त्याने कितीही स्पॅम पकडलेलं असो.